फोमचे हलके आरसी (रेडिओने चालणारे) विमान : वजन, डिंक, सीजी (गुरुत्वमध्य) आणि पहिले उड्डाण

भिरभिरे

फोमच्या विमानांचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरले आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांचे उत्तर एकच असते : वजन. म्हणून एक ठरावीक विमान समोर ठेवून बोलू या. पंख ९० सेंमी लांब, १८ सेंमी रुंद, म्हणजे १६.२ चौरस डेसिमीटर. ५ मिमी जाड, कागद नसलेला एक्सपीएस (सलग, बिनदाण्याचा पॉलिस्टायरीन) फोम. मोटर नाकावर, पोटावर उतरणारे, चाके नाहीत.

वजनाचा हिशेब ग्रॅममध्ये असा : फोम ९०, ३ मिमीची कार्बन नळी ६, मोटर आणि माउंट ३३, प्रॉप (पंखा) ६, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) १४, नऊ ग्रॅमवाले चार सर्व्हो (हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) ३६, रिसीव्हर ८, २एस (दोन सेलची) १००० एमएएच लिपो बॅटरी ५५, पुशरॉड आणि हॉर्न (सर्व्हो आणि हलणारे भाग जोडणाऱ्या सळ्या व तरफा) १२, डिंक व टेप २०, वायरी-कनेक्टर ८. बेरीज २८८, तीनशे धरा. पंखभार, म्हणजे वजन भागिले पंखाचे क्षेत्रफळ, साधारण १८.५ ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर येतो. असले विमान ताशी २० किमीच्या आसपास स्टॉल होते (त्याहून हळू गेले की पंख वजन पेलत नाही), म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या वेगाने उतरते.

हेच विमान कागदी फोमबोर्ड, ढीगभर हॉट ग्लू आणि मोठी बॅटरी घालून ६०० ग्रॅमचे केले तर? स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे फक्त १.४ पट, ताशी २८ किमी. फार वाटत नाही. पण आपटताना लागणारी ऊर्जा वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात असते, ती चौपट होते. हलके विमान पडले तरी टेप लावून पुन्हा उडते आणि जडाचे नाक बदलावे लागते, ते या चौपटीमुळे.

कापायच्या आधी फोमची अख्खी शीट काट्यावर ठेवा आणि प्रति चौरस मीटर वजन काढा. वरचा हिशेब सुमारे २०० ग्रॅमचा आहे. तुमची शीट ४००ची असेल तर नकाशा तोच ठेवून चालणार नाही.

कटरपट्टी

छान सुरुवात. हिशेबात डिंक-टेप २० ग्रॅम लिहिलेत, तिथेच बहुतेकांचे गणित फसते, म्हणून डिंकाचे सविस्तर.

साधा सायनो, म्हणजे तो झटपट चिकटणारा पातळ डिंक, एक्सपीएस आणि थर्मोकोल दोन्ही खातो. थेंब पडला की खड्डा. ईपीपीवर (लवचीक पॉलिप्रॉपिलीन फोमवर) मात्र तोच साधा सायनो उत्तम चालतो. एक्सपीएससाठी 'फोम-सेफ' लिहिलेला, बिनवासाचा सायनो घ्या. आणि त्यावर मारायचा ॲक्टिव्हेटर स्प्रे फोम-सेफ आहे का तेही बघा. डिंक सुरक्षित आणि स्प्रेने फोम विरघळला, असे होते.

यूएचयू पोर किंवा तशा प्रकारचा फोमसाठीचा कॉन्टॅक्ट डिंक दोन्ही बाजूंना पातळ लावा, पाच-दहा मिनिटे थांबा, बोटाला तार सुटेनाशी झाली की जोडा. जोडल्यावर हलवायला वाव नाही, त्यामुळे खुणा आधीच करून ठेवायच्या.

हॉट ग्लू वाईट नाही, पण गन कमी तापमानाची हवी. जास्त तापमानाची, १९० अंशांच्या आसपासची, एक्सपीएसमध्ये पोकळी करते आणि वरून सांधा ठीक दिसतो. शिवाय उन्हात हॉट ग्लू मऊ पडतो. मोटर माउंट निव्वळ हॉट ग्लूवर ठेवू नका. तिथे पाच मिनिटांचा इपॉक्सी, तोही मटारच्या दाण्याएवढा पुरे. लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल दोन फोमच्या मध्ये लावला तर आतला भाग दिवसेंदिवस ओलाच राहतो, कारण पाणी बाहेर पडायला वाट नाही. कागद फोमवर चिकटवायला तो चांगला.

कुठलाही डिंक आधी त्याच शीटच्या तुकड्यावर लावून बघायचा. तेच स्प्रे पेंटचेही.

नवी_भरारी

दोघांचेही आभार. दोन शंका. एक्सपीएस नाही मिळाले तर कागद लावलेला फोमबोर्ड किंवा पॅकिंगमधला थर्मोकोल चालेल का? आणि पहिलेच विमान असेल तर एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे, विमान झुकवणारे भाग) ठेवावेत की नुसते रडर-एलेव्हेटर (शेपटीवरचे, नाक डावी-उजवीकडे आणि वर-खाली वळवणारे)?

भिरभिरे

फोमबोर्ड चालेल. त्याची ताकद कागदात असते, फोम फक्त दोन कागदांना अंतरावर धरून ठेवतो. म्हणून ज्या बाजूला ताण येत नाही तिथला, म्हणजे फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आतल्या बाजूचा कागद सोलून टाका. दमट हवेत कागद सुटायला लागतो. पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचा एक पातळ हात द्या, कडांना आठवणीने.

थर्मोकोलचे दाणे सुटतात आणि कातरलेली कड तुटते. पंखाचा गाभा म्हणून तो चांगला, पण वरून पॅकिंग टेप किंवा पातळ कागद हवाच. ईपीपी आपटण्यात सगळ्यांना पुरून उरतो, पण तो लवचीक असल्याने पंख स्पारशिवाय (पंखाच्या लांबीभर घातलेल्या ताठ नळीशिवाय) पिळतो. मग स्पार, टेप, जास्तीचा डिंक असे करत हलकेपणा जातो. शिकताना ईपीपी, हलके आणि मंद उडवायचे तर एक्सपीएस, असे माझे मत.

सात_अंश_वर

एलेरॉनबद्दल मी लिहितो, कारण मत ठाम आहे. पहिले विमान तीन चॅनेलचे करा : थ्रॉटल (मोटरची गती), एलेव्हेटर, रडर. दोन सर्व्हो कमी, म्हणजे १८ ग्रॅम आणि जोडणीची भानगड वाचते. पण मग पंखाला डायहेड्रल, म्हणजे दोन्ही टोके वर उचललेला बाक, हवा. तो नसेल तर रडर दिल्यावर विमान नाक वळवते आणि सपाटच घसरत राहते. प्रत्येक बाजूला ५ अंश ठेवा. वरच्या पंखात अर्धी लांबी ४५ सेंमी, म्हणजे प्रत्येक टोक ४ सेंमी वर. बांधताना सोपे हे की एक बाजू टेबलावर सपाट दाबायची आणि दुसऱ्या टोकाखाली ८ सेंमीचे पुस्तक-खोके ठेवून मधला सांधा चिकटवायचा. कार्बन नळीही मध्ये तोडून तिथे वाकवलेली तार किंवा प्लायचा त्रिकोणी तुकडा द्यावा लागेल. सरळ नळी तशीच घातली तर डायहेड्रल येणारच नाही.

रडर रेडिओच्या उजव्या काडीवर, एलेरॉनच्या जागी जोडा. पुढचे विमान एलेरॉनचे आले की बोटांना नवे शिकावे लागत नाही.

कटरपट्टी

इथे थोडा विरोध. तीन चॅनेलचे विमान वाऱ्यात फार लोंबकळते, आणि शिकणाऱ्याला वाटते चूक आपलीच. सिम्युलेटरवर आधी हात बसवला असेल तर सरळ एलेरॉन आणि २ अंश डायहेड्रल घ्या.

सात_अंश_वर

सिम्युलेटर केला असेल तर मान्य. वारा नसताना उडवा हेही मान्य करा मग.

निक्रोम_तार

ईपीपी आणि थर्मोकोल कापायला कटरचे पाते बारा वाजवते, तार हवी. ०.४ मिमीची निक्रोम तार ६० सेंमी घेतली तर रोध साधारण ५ ओहम भरतो. १२ व्होल्टवर सव्वादोन अँपिअर, सत्तावीस वॅट. तार लालबुंद दिसली तर जास्त तापली आहे. बरोबर तापलेली तार काळीच दिसते आणि फोममधून दाब न देता, स्वतःच्या गतीने सरकते. मागे केसासारखे तंतू सुटत असतील तर तापमान ठीक. कापलेली फट तारेपेक्षा बरीच रुंद होत असेल तर व्होल्टेज कमी करा.

तार ताणून धरणाऱ्या धनुष्याला स्प्रिंग लावायला विसरू नका. तार तापली की लांबते, सैल पडते आणि पंखाच्या मधोमध पोट आलेला काप मिळतो. दोन्ही टोकांना प्लायचे साचे, दोन माणसे, आणि साच्यावर एक ते दहा अंक लिहून दोघांनी एकाच वेळी एकेक अंक पार करायचा. टोकाचा साचा लहान असेल तर हे अंक फारच कामाला येतात. एक्सपीएस कापताना धूर होतो, खिडकी उघडी ठेवा. एक्सपीएसच्या सपाट शीटला तारेची गरजही नाही, नवे पाते आणि स्टीलची पट्टी पुरते. पाते एकदम खोल न दाबता तीन हलक्या फेऱ्यांत कापा.

वारा_पडला

पंखाच्या आकाराचे कोणी बोलले नाही अजून. सपाट फोमचा पंख उडतो, पण ९० सेंमीला तो पिळतो. केएफ पायरी, म्हणजे पंखाच्या पुढच्या भागावर दुसरा थर देऊन होणारी पायरी, करा. रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन यांना १९७२ मध्ये पेटंट मिळालेला हा आकार मूळचा कागदी विमानातला. मोठ्या विमानांत त्याला हवेचा अडथळा जास्त, फायदा नाही. आपल्या वेगाला आणि १८ सेंमी रुंदीला रेनॉल्ड्स संख्या (वेग आणि आकारावरून हवेचा प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) लाखाच्या आसपास असते, तिथे तो निभतो. खरा फायदा वेगळाच आहे : पुढच्या अर्ध्यावर दुसरा थर आल्याने पंख ताठ होतो आणि स्पार लपवायला जागा मिळते.

केएफएम-२ म्हणजे वरच्या बाजूला, पुढच्या कडेपासून निम्म्या रुंदीपर्यंत थर. इथे ९ सेंमी. ५ अधिक ५ म्हणजे १० मिमी जाडी, रुंदीच्या साडेपाच टक्के. ही थोडी कमी पडते. दोन थरांच्या मध्ये स्पारलगत ३-४ मिमीची पट्टी घातली की साडेसात टक्क्यांपर्यंत जाते. पुढची कड सँडपेपरने गोल करा. पायरीची मागची धार मात्र काटकोनातच ठेवा, ती गोल करून सुबक करायची हौस आवरा.

नवी_भरारी

स्पार नक्की कुठे? आणि बिजागऱ्या?

वारा_पडला

स्पार पुढच्या कडेपासून २५ ते ३३ टक्क्यांवर, इथे साडेचार ते ६ सेंमी. खाच नळीपेक्षा किंचित अरुंद कापा, दाबून बसली पाहिजे. डिंक लावताना पंख सपाट टेबलावर वजनाखाली. एका टोकाला पीळ राहिला तर विमान कायम एका बाजूला झुकते आणि ट्रिमने (रेडिओवरच्या बारीक जुळवणीने) तो एकाच वेगाला दुरुस्त होतो, वेग बदलला की पुन्हा झुकते.

बिजागरीसाठी हलणाऱ्या भागाची पुढची कड ४५ अंशांत तासा, तिरपी बाजू खाली. वरून चांगल्या प्रतीची पारदर्शक टेप अख्ख्या लांबीभर. मग भाग पूर्ण मागे दुमडून आतल्या बाजूनेही एक पट्टी. टेप लावायच्या आधी फोमची धूळ पुसा, नाहीतर दोन दिवसांत कोपरा उचलतो.

पुशरॉडला १ मिमी तार किंवा कार्बन सळी, सर्व्होकडे झेड आकाराचा बाक. दर ८-१० सेंमीला स्ट्रॉचा तुकडा चिकटवून आधार. आधार नसेल तर ढकलताना तार धनुष्यासारखी वाकते : वर एलेव्हेटर मिळतो, खाली मिळत नाही, किंवा उलट. जमिनीवर हे कळत नाही, हाताने एलेव्हेटर अडवून काडी हलवली की कळते.

सर्व्होचा आर्म बसवायच्या आधी रेडिओ चालू करून ट्रिम शून्यावर आणा, मगच स्क्रू. पृष्ठभागाची हालचाल सुरुवातीला : एलेव्हेटर वर-खाली ११ मिमी, रडर २० मिमी, एलेरॉन वर १२ आणि खाली ७. एलेरॉन खाली कमी ठेवायचा कारण खाली गेलेला एलेरॉन हवेला जास्त अडथळा देतो आणि नाक उलट्या बाजूला खेचतो. एक्स्पो (काडी मध्याजवळ मऊ करणारी रेडिओची सोय) ३० टक्के. काही रेडिओंत अधिक ३० हा मऊ असतो, काहींत उणे ३०. काडी अर्धी हलवून पृष्ठभाग निम्म्यापेक्षा कमी हलतो का ते बघा, चिन्हावर विसंबू नका.

निक्रोम_तार

मोटरचे गणित बाकी आहे. १४०० केव्हीची (प्रति व्होल्ट मिनिटाला इतके फेरे) २८ ग्रॅमची मोटर २एसवर घ्या : ७.४ गुणिले १४०० म्हणजे १०,३६० फेरे बिनभाराचे, ८×४ प्रॉप लावल्यावर त्याच्या पाऊणपट, ७८०० धरा. ओढ (थ्रस्ट) साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, करंट ७-८ अँपिअर. तीनशे ग्रॅमच्या विमानाला भरपूर. प्रॉपचा पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे सैद्धांतिक अंतर) ४ इंच, त्यामुळे प्रॉपचा सैद्धांतिक वेग सेकंदाला १३ मीटर, स्टॉलच्या वेगाच्या दुपटीहून जास्त. हे प्रमाण दोनच्या खाली गेले तर विमान हवेत तरंगते पण वाऱ्याविरुद्ध पुढे जात नाही.

आता इशारा. हीच मोटर, हाच प्रॉप आणि ३एस लावून बघू म्हणाल तर करंट आठाऐवजी दीडपट नाही, त्याहून बराच जास्त होतो. प्रॉपला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने आणि व्यासाच्या चौथ्या-पाचव्या घाताने वाढते. ८ इंचीऐवजी ९ इंची म्हणजे त्याच फेऱ्यांना सव्वापट नव्हे, १.६ पटीहून अधिक. मोटर दहा सेकंदांत हात लावता येणार नाही इतकी तापली, म्हणजे प्रॉप मोठा आहे. वॉटमीटर घ्याच. ईएससी १२ अँपिअरची पुरते.

ईएससीतला लिनियर बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) २एसवर थंड राहतो, ३एसवर तेच चार सर्व्हो चालवताना अडीचपट उष्णता टाकतो. सर्व्हो गुंगुं करत अडकला तर बीईसी बसतो, रिसीव्हर रिसेट होतो आणि लोक म्हणतात सिग्नल गेला.

प्रॉपवरची अक्षरे उड्डाणाच्या दिशेला, पुढे. उलटा लावला तरी वारा मागेच फेकतो, म्हणून लक्षात येत नाही, फक्त ओढ कमी पडते. मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. आणि हे सगळे प्रॉप काढून.

भिरभिरे

आता सीजी. पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, इथे पुढच्या कडेपासून ४५ ते ५४ मिमी. पहिल्या उड्डाणाला ४५ वर ठेवा. दोन्ही पंखांखाली खूण करून दोन बोटांवर तोला, बॅटरी बसवलेली असताना. बॅटरी पुढे-मागे सरकवून सीजी जमला पाहिजे, त्यासाठी बॅटरीची जागा कायमची ठरवायच्या आधी सगळे भाग टेपने तात्पुरते लावून बघा. शिसे घालायची वेळ आली तर बांधणीत चुकले.

शेपूट सीजीपासून ४० सेंमी मागे आणि बॅटरी १४ सेंमी पुढे असेल तर शेपटीतल्या एका ग्रॅमला पुढे जवळजवळ तीन ग्रॅम लागतात. म्हणून शेपूट ३ मिमी फोमची करा, रंग देऊ नका, रडर-एलेव्हेटरचे सर्व्हो पंखाखाली ठेवा. लोक पंखातले दोन ग्रॅम वाचवतात आणि शेपटीवर चकचकीत टेपचे थर चढवतात.

नवी_भरारी

नकाशाप्रमाणे सगळे जुळवले. विमान उडते, पण पूर्ण थ्रॉटल दिला की नाक वर उचलते आणि डावीकडे वळते. थ्रॉटल काढला की ठीक. सीजी पुढे घेऊ?

भिरभिरे

नको. थ्रॉटल काढल्यावर ठीक आहे, म्हणजे सीजी आणि पीळ दोन्ही बरोबर आहेत. मोटरचा कोन बदला. नाकाशी २-३ अंश खाली आणि २-३ अंश उजवीकडे. प्रॉप मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याचा उलट पीळ विमानाला डावीकडे झुकवतो आणि भोवऱ्यासारखा फिरणारा झोत रडरवर आदळून नाकही डावीकडे ढकलतो. माउंटच्या वरच्या दोन स्क्रूंखाली एकेक वॉशर म्हणजे खालचा कोन, डाव्या दोन स्क्रूंखाली म्हणजे उजवा. एकावेळी एकच बदल, मग उड्डाण.

सीजी तपासायचाच असेल तर वेगळी चाचणी आहे. उंचीवर, थ्रॉटल बंद, ट्रिम सरळ उड्डाणाला बसवलेले. नाक ३० अंश खाली करून काडी सोडा. हळूहळू स्वतःहून वर आले तर ठीक. झटक्याने वर आले तर नाक जड, बॅटरी ५ मिमी मागे. आणखी खाली घुसायला लागले तर ताबडतोब एलेव्हेटर ओढा, उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या.

सात_अंश_वर

रेडिओचेही लिहून ठेवतो. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला अँटेनाचे शेवटचे ३१ मिमीच कामाचे असते, तेवढे उघडे. दोन असतील तर एकमेकांना काटकोनात, कार्बन नळी आणि बॅटरीपासून दूर. रेडिओ आधी चालू, मग विमानाची बॅटरी, बंद करताना उलट. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर) थ्रॉटल शून्य, आणि ते खरेच होते का हे प्रॉप काढून, रेडिओ बंद करून तपासा. मग कमी शक्तीच्या मोडमध्ये तीस पावले दूर जाऊन सर्व्हो थरथरतात का पाहा, मोटर चालू असताना आणि बंद असतानाही. त्यासाठी विमान कोणीतरी मागून, प्रॉपच्या रेषेबाहेर उभे राहून धरावे.

विमानामागे उभे राहून काडी उजवीकडे : उजवा एलेरॉन वर. काडी स्वतःकडे : एलेव्हेटर वर. हे प्रत्येक उड्डाणाआधी, फक्त पहिल्या नव्हे. दुरुस्तीत आर्म उलटा बसवला जातो.

वारा_पडला

फेकायचे वाऱ्याविरुद्ध, पाऊण थ्रॉटलवर, पंख समतल आणि नाक क्षितिजाकडे. वर फेकू नका. वर फेकलेले विमान वेग मिळायच्या आधी स्टॉल होते आणि एक टोक आधी पडते. फेकल्यावर दोन सेकंद काहीच करू नका, मग हलका एलेव्हेटर. वारा ताशी १० किमीच्या वर असेल तर १८ ग्रॅम पंखभाराचे विमान पहिल्यांदा बाहेर काढू नये. ट्रिम दोन चुका परवडतील एवढ्या उंचीवर करा, जमिनीलगत नव्हे.

टायमर सात मिनिटे. उतरल्यावर प्रति सेल व्होल्टेज मोजा, बॅटरी थोडी थांबल्यावर ३.७च्या वर असेल तर टायमर मिनिटभर वाढवा. चार्जिंग १ अँपिअरने, ठेवून द्यायची तर ३.८ प्रति सेल. फुगलेली बॅटरी 'अजून चालतेय' म्हणून लावू नका.

कटरपट्टी

एक राहिले. गडद रंग. एक्सपीएसवर काळा किंवा गडद निळा रंग देऊन विमान उन्हात ठेवले की पंख वाकतो, बंद गाडीत तर नक्कीच. खालच्या बाजूला गडद आणि वरून फिकट ठेवा, आकाशात दिशा कळायलाही तेच बरे.

वाकलाच असेल तर फेकू नका. पंख उलट दिशेने थोडा जास्त पिळून धरा, केस वाळवायच्या ड्रायरने एक फूट अंतरावरून सावकाश गरम करा, गार होईपर्यंत हात सोडू नका. हीट गन नको, तिच्याने पृष्ठभाग सुरकुततो. नाक चेपले असेल तर ईपीपी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवला की बराचसा मूळ आकाराला येतो. एक्सपीएस येत नाही. तिथे चेपलेला भाग सरळ कापून नवा तुकडा बसवा, आणि बसवल्यावर सीजी पुन्हा तोला, कारण डिंकाने नाक नेहमी दोन-चार ग्रॅम जड होते.